कोपराला लावलेला गूळ

आमच्या क्षेत्रात ‘कॉन्ट्रॅक्ट टू हायर’ नावाचा नोकरीचा एक प्रकार आहे. रिक्रूटर मंडळी त्याला सी-टू-एच म्हणतात. आधी सहा महिने किंवा वर्षभर कंत्राटावर काम करायचं, काम पसंत पडलं तर कंपनी कायम करून घेणार. यातलं ‘कॉन्ट्रॅक्ट’ कागदावर असतं. ‘हायर’ बहुतेक वेळा फोनवरच्या बोलण्यात असतं. मधल्या ‘टू’वर मी चौदा महिने काढले आणि मग कायम झालो. त्यामुळे ही तक्रार नाही. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे: कोणीच न दिलेलं वचन मोडता येतं का?

आधी यंत्रणा कशी चालते ते सांगतो, कारण प्रश्न तिच्या रचनेतच आहे.

कंपनीला माणूस हवा असतो, पण कायम जागा मंजूर नसते; किंवा असते, पण चूक करायची भीती असते. मग गरज एकाच वेळी चार-पाच स्टाफिंग एजन्सींकडे जाते. तिथून शर्यत सुरू. एकच उमेदवार दोन एजन्सींनी पाठवला तर वाद होतो, म्हणून रिक्रूटर आधी मेलवर संमती घेते: या जागेसाठी तुमच्या वतीने फक्त आम्हीच. ‘इमिजिएट जॉइनर’ असाल तर तुमचं नशीब चांगलं, कारण नव्वद दिवसांच्या नोटीस पिरियडसाठी थांबायला कोणाला वेळ नसतो. मुलाखती कंपनी घेते, ऑफर लेटर एजन्सी देते. लॅपटॉप कंपनीचा, पगार एजन्सीचा. रजा एजन्सीच्या पोर्टलवर टाकायची, पण मंजूर होईल की नाही हे कंपनीतला मॅनेजर ठरवणार. समजा कंपनी तुमच्यासाठी महिन्याला दीड लाख मोजते आणि तुमच्या हाती एक लाख दहा हजार येतात. मधल्या रकमेत पीएफ, विमा, एजन्सीचा खर्च आणि तिचा नफा. मुदतीआधी कंपनीने तुम्हाला कायम केलं, तर अनेक करारांत एजन्सीला वेगळी फी द्यावी लागते. म्हणजे तुमचं कायम होणं हाही दोघांच्या करारातला एक कलम क्रमांक असतो. तो करार तुम्ही कधीच पाहिलेला नसतो.

याच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. माझं कॉलेज असं, की मोठ्या कंपन्या तिथे कॅम्पसला येत नसत. रेझ्युमेवर वजनदार नाव नसलेल्या मुलाला थेट दारातून आत घेणारे कमी. हा बाजूचा दरवाजा नसता तर मी कदाचित आतच आलो नसतो. शिवाय तासाभराच्या मुलाखतीपेक्षा सहा महिन्यांचं काम माणसाची खरी ओळख देतं. ती ओळख दोन्ही बाजूंना होते. कोणी जबरदस्ती केलेली नसते. सह्या आपल्याच असतात.

हे सगळं मान्य करूनही एक हिशेब जुळत नाही. मी माझं कौशल्य विकलं, त्याचे पैसे मिळाले. पण त्या चौदा महिन्यांत मी आणखी काहीतरी दिलं. शनिवारी रात्रीच्या रिलीजला कधी नाही म्हणालो नाही. दुसरीकडून आलेल्या फोनला ‘सध्या बघत नाहीये’ असं सांगितलं. घरी लग्नाचा विषय निघाला की समोरच्यांचा पहिला प्रश्न ‘पर्मनंट आहे का?’ हाच असायचा, म्हणून तो विषयही पुढे ढकलला. या जादा गोष्टींचं बिल एजन्सीने कंपनीला कधी लावलं नाही. त्यांची किंमत आशेने चुकती होत होती. आणि ही आशा दिली कोणी? एजन्सी म्हणे, क्लायंटचा इरादा पक्का आहे. क्लायंट म्हणे, तुम्ही एजन्सीचे कर्मचारी, त्यांच्याशी बोला. दोघंही खोटं बोलत नव्हते. कोपराला गूळ लागला होता एवढं खरं. लावला कोणी, हे विचारायला समोर कोणी नव्हतं.

कोणी म्हणेल, मग प्रोबेशन वेगळं काय असतं? तिथेही परीक्षाच असते. फरक आहे. प्रोबेशनमध्ये जो तुमची परीक्षा घेतो तोच तुमचा मालक असतो. नापास करायचं असेल तर त्यालाच समोर बसून सांगावं लागतं. सी-टू-एचमध्ये परीक्षा घेणारा एक आणि निकालाची जबाबदारी असणारा दुसरा. निकाल लावलाच नाही तरी चालतं; करार तीन महिन्यांनी वाढवला की झालं.

आम्हाला हे सगळं नवीन वाटतं, कारण आम्ही एसीत बसतो. मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगार होते. सकाळी दारात उभं राहायचं, कोणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी आत जायचं. कोणाला आत घ्यायचं हे जॉबरच्या हातात, त्यामुळे जॉबरचे हात ओले करणं आलंच. १९३५मध्ये गिरणीमालकांच्या संघाने बदली नियंत्रण योजना आणली: ठराविक लोकांना बदलीचं कार्ड द्यायचं आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या. ती व्यवस्था आदर्श होती असं मुळीच नाही; मालकांना तिचा फायदाच होता. पण कार्ड हातात असलेल्या बदलीला एवढं तरी माहीत असे की आपण एका रांगेत आहोत. आमच्याकडे रांग आहे की नाही हेच कळत नाही.

कायद्याने यात लक्ष घातलेलं नाही असं नाही. आपल्याकडे १९७०चा कंत्राटी कामगार कायदा आला. कंत्राटदाराने पगार बुडवला तर मूळ मालकाने तो द्यावा, अशी तरतूद त्यात होती. एखाद्या कामातली कंत्राटी पद्धत सरकारने बंद केली तर तिथल्या कामगारांना मूळ मालकाने सामावून घ्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६मध्ये एअर इंडियाच्या प्रकरणात म्हटलं. २००१मध्ये स्टील अथॉरिटीच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने ते फिरवलं: आपोआप सामावून घेणं नाही, कंत्राट निव्वळ देखावा आहे असं सिद्ध झालं तर गोष्ट वेगळी. अमेरिकेत मायक्रोसॉफ्टमध्ये वर्षानुवर्षं ‘तात्पुरतं’ काम केलेल्यांनी खटला भरला आणि २००० साली कंपनीने ९ कोटी ७० लाख डॉलरवर तडजोड केली. त्याच वर्षी कंपनीने तात्पुरत्या माणसाला वर्षभरानंतर शंभर दिवस बाहेर ठेवण्याचा नियम केला. म्हणजे तात्पुरता माणूस कायम झाला नाही. त्याचं तात्पुरतेपण फक्त नीट आखलं गेलं. माणूस कोणाचा कर्मचारी हे कायदा ठरवू शकतो. त्याला दाखवलेली आशा खरी होती का, हे कायद्याच्या मापाने मोजता येत नाही.

इथे मला कांट उपयोगी पडतो. माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नका, असं त्याने १७८५मध्ये लिहिलं. त्यातला ‘नुसतं’ महत्त्वाचा. कंपनी मला वापरते, मी कंपनीला वापरतो. त्यात अनैतिक काही नाही. कसोटी अशी, की माझा जो उपयोग चाललाय तो मला दिसतोय का, आणि दिसल्यावर मी हो म्हटलं असतं का? जागा मंजूरच नसेल आणि ते मला माहीत नसेल, तर माझं रात्री जागणं हे माझ्या संमतीचं राहत नाही. सही माझी असली तरी ती दुसऱ्याच कशावर तरी केलेली असते.

हे मला आता टोचायचं कारण वेगळं आहे. आज मी टेबलाच्या पलीकडे बसतो. माझ्या टीममध्ये अकरा महिने झालेला एक कंत्राटी मुलगा आहे, माझ्यापेक्षा नीटस कोड लिहिणारा. या वर्षी एकही कायम जागा नाही, हे मॅनेजरने मला सांगितलं आणि पुढे म्हणाला, “त्याला मोटिव्हेटेड ठेव, बाकी पुढे बघू.” त्याच आठवड्यात त्या मुलाने मला विचारलं होतं, “दुसरीकडची ऑफर आहे, पण इथलं होणार असेल तर थांबतो. तुला काय वाटतं?”

गुप्ततेचा मुद्दा खोटा नव्हता. टीमची आकडेवारी माझी मालमत्ता नाही. तो गेला असता तर त्याचं काम माझ्याच अंगावर पडणार होतं, हेही होतं. पण गुप्तता कंपनीच्या योजनेचं रक्षण करते. आणि इथे ती योजना चालणार होती एका माणसाच्या अज्ञानावर. मी मॅनेजरला सांगितलं की मी त्याला ‘होईल’ म्हणणार नाही. मग त्या मुलाला एवढंच सांगितलं: “या वर्षी जागा नाही. पुढच्या वर्षीचं कोणालाच माहीत नाही. हे धरून ठरव.”

तो गेला नाही. ती दुसरी ऑफर बंगळुरूची होती आणि आईच्या आजारपणामुळे त्याला पुण्यात राहायचं होतं. पण आता तो सहाला निघतो. काम चोख करतो, सांगितलेलं सगळं करतो आणि सहाला निघतो. रात्रीचे रिलीज मी आणि आणखी एक जण वाटून घेतो. मॅनेजरच्या मते त्याची ‘ओनरशिप’ कमी झाली आहे. मला वाटतं, त्याने विकायचं तेवढंच विकायला सुरुवात केली आहे. वरचं जे आम्हाला इतके दिवस फुकट मिळत होतं, त्याची किंमत मला आता माझ्या शनिवारांतून कळते.

गेल्या आठवड्यात दोन नव्या सी-टू-एच जागांचं वर्णन लिहायचं काम माझ्याकडे आलं. कौशल्यांची यादी दहा मिनिटांत झाली. खाली मी तीन ओळी रिकाम्या सोडून पाठवल्या: कायम जागा आज मंजूर आहे का, निर्णय कोणत्या तारखेला, आणि तो कोण घेणार. एजन्सीच्या रिक्रूटरचा लगेच फोन आला, “सर, हे क्लायंटकडून भरून आलं तर आमचंही काम सोपं होईल.” वरून अजून उत्तर आलेलं नाही. ते येईपर्यंत मी जाहिरात पुढे पाठवलेली नाही.