वनवाट हीच प्रदक्षिणा

॥ श्री भगवंत प्रसन्न ॥

बार्शी क्षेत्री श्रीभगवंताच्या दर्शनास येणारा भाविक श्रीमूर्तीबरोबर भक्तराज अंबरीषासही वंदन करतो. इ. स. १२४५ मध्ये उभारलेल्या या हेमाडपंती मंदिरात देव आणि भक्त यांचे सान्निध्य अखंड नांदत आहे.

अंबरीषाची कथा श्रीमद्भागवताच्या नवव्या स्कंधात आहे. राजा द्वादशीचे पारणे करणार, तोच दुर्वास ऋषी अतिथी म्हणून आले आणि स्नानास गेले. तिथी सरू लागली. अतिथीला वगळून जेवावे तर अधर्म, पारणे टाळावे तर व्रतभंग. राजाने केवळ जल प्राशन केले. तेवढ्यावर ऋषी कोपले आणि त्यांनी राजावर कृत्या सोडली. भक्तरक्षणार्थ सुदर्शनचक्र त्यांच्या पाठीस लागले. अखेर राजानेच त्यांच्यासाठी अभय मागितले. ऋषी परत येईपर्यंत वर्षभर त्याने अन्न घेतले नव्हते. यजमान कसा असावा, हे अंबरीषाने दाखविले; अतिथी कसा नसावा, हे त्या वेळच्या दुर्वासांच्या क्रोधाने दाखविले.

हा दुसरा बोध वनात जाणाऱ्याने विशेष ध्यानी धरावा, कारण तेथे माणूस अतिथी असतो.

बार्शीहून जवळच, धाराशिव जिल्ह्यात, बालाघाटाच्या कुशीत येडशीचे श्रीक्षेत्र रामलिंग आहे. सीतामाईच्या रक्षणार्थ लढून जटायू येथेच पडला, अशी श्रद्धा आहे. प्रभू रामचंद्रांनी त्या पक्ष्याचे अंत्यसंस्कार पित्याप्रमाणे केले. पाखराला पितृस्थानी मानणारा हा धर्म आहे. भोवतालचे सुमारे २२ चौरस किलोमीटर वन १९९७ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले. पावसाळ्यात येथे ओढे वाहतात, मोर नाचतात. उन्हाळ्यात तेच रान पानगळीने कोरडे होते. डिसेंबर २०२४ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून शेकडो किलोमीटर चालत आलेला वाघ याच रानात विसावला. त्याची वाट कोणी आखून दिली नव्हती; वनाचे तुकडे जोडत तो आला.

येथील पायवाटेने जाणारे अनेक भाविक पुण्य म्हणून वानरांना फुटाणे, केळी देतात. हेतू निर्मळ, परिणाम मात्र विपरीत. आयत्या अन्नाला सोकावलेले वानर रानातील फळे, पाला शोधणे सोडते, रस्त्यावर येते, वाहनाखाली सापडते, लहान मुलांच्या हातावर झडप घालते. दान देणाऱ्याला समाधान मिळते, घेणाऱ्याचे नुकसान होते. ज्या दानाने घेणाऱ्याचे हित होत नाही, ते दान अपुरे होय. तेच द्रव्य एखाद्या देशी रोपासाठी, अथवा ते रोप जगेपर्यंतच्या पाण्यासाठी वेचले, तर वानरासह पाखरांचीही सोय होईल.

दीप लावावा तो मंदिरात. वाळल्या गवतात ठिणगीही नको. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये अभयारण्य धोक्यात येईल अशा रीतीने अग्नी पेटविण्यास मनाई आहे. धर्माची आज्ञा त्याहून जुनी आहे. नामस्मरण मनात करावे, मळलेली वाट सोडू नये, सोबत नेलेले सर्व परत आणावे आणि वनखात्याच्या सूचना पाळाव्यात.

अंबरीषाने हातात अन्न असूनही ते घेतले नाही, म्हणून तो भक्तराज. वनातून रिकाम्या हाताने, काहीही न तोडता व न टाकता परतणारा यात्रिकही त्याच व्रताचा वारस होय. त्याची ती वाटचाल श्रीभगवंताच्या चरणी प्रदक्षिणा म्हणून रुजू होते.

॥ श्री भगवंतार्पणमस्तु ॥