चौकटीतला राजवाडा, चौकटीबाहेरची रयत

ऐतिहासिक राजवाड्याचे छायाचित्र घेणे ही वरवर पाहता निरुपद्रवी कृती आहे. प्रेक्षक वास्तूला धक्का लावीत नाही, तेथून काही उचलून नेत नाही. तरीही या कृतीत एक नैतिक प्रश्न दडलेला आहे: वैभव पाहणारी नजर नेमकी कोणाची असते?

मराठवाड्यातील प्रेक्षकाच्या संदर्भात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. परभणी जिल्ह्यातील पालम सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. त्यामुळे पालमहून हैदराबादला जाऊन चौमहल्ला पाहणारा माणूस निव्वळ पर्यटक नसतो. २००५ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या या राजवाड्याच्या दरबार दालनात, झुंबरांखाली तो उभा राहतो, तेव्हा ज्यांच्या शेतसाऱ्यावर दरबार पोसला गेला त्या रयतेचा वारस तेथे उभा असतो. जेथे पूर्वजांना मुक्त प्रवेश नव्हता तेथे स्वतःची प्रतिमा टिपणे, हा एका अर्थी समतेचा उद्गारच होय. परंतु तो कॅमेरा कोठून रोखतो? बहुधा तख्ताच्या चौथऱ्यासमोर, मध्यरेषेवर, कमानींची सममिती साधून. म्हणजे वास्तूने मुजऱ्यासाठी येणाऱ्यास जी जागा नेमून दिली होती, तीच तो आपखुशीने पत्करतो. प्रवेश मिळाला, दृष्टी मात्र दरबारीच राहिली.

या दृष्टीची घडण समजून घेण्यासाठी राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांच्याकडे वळावे लागते. सहावे निजाम महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार म्हणून त्यांनी राजवाडे आणि उमराव टिपले. १८९९–१९०० च्या दुष्काळात औरंगाबाद जिल्ह्यात झालेल्या मदतकार्याची छायाचित्रेही त्यांच्याच नावावर आहेत. त्यांत अस्थिपंजर झालेली माणसे दिसतात. हीदेखील सत्तेने आपल्या कार्याची करवून घेतलेली नोंद होती, हे विसरता येत नाही. तथापि एकाच राज्यातील झुंबर आणि भूक एकाच छायाचित्रकाराने पाहिली, हे सत्य उरतेच. आजचा पर्यटक त्यांपैकी झुंबराचेच छायाचित्र पुन्हा पुन्हा घेतो.

छायाचित्रणावरील १९३१ च्या निबंधात वॉल्टर बेंजामिन ब्रेख्तच्या एका निरीक्षणाचा आधार घेतो. क्रुपच्या कारखान्याचे छायाचित्र त्या कारखान्याविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही, असे ते निरीक्षण. राजवाड्याच्या बाबतीतही हेच म्हणता येईल: भिंत दिसते, महसूल दिसत नाही.

यावर आक्षेप असा की, प्रत्येक प्रेक्षकाकडून इतिहासकाराची अपेक्षा करणे अन्याय्य आहे. शिवाय हे सौंदर्य गवंड्यांच्या आणि कारागिरांच्या हातांचेही आहे. आक्षेप रास्त आहे. सौंदर्याचा आनंद घेणे हा अपराध नव्हे आणि कॅमेरा खाली ठेवल्याने कोणाचेही ऋण फिटत नाही. परंतु बेंजामिन त्याच निबंधात छायाचित्राखालील मजकुराला जे महत्त्व देतो, त्यातून एक मार्ग सुचतो. छायाचित्र जे दाखवू शकत नाही, ते त्याच्याखालच्या शब्दांना आणि त्याच्याशेजारी ठेवलेल्या दुसऱ्या छायाचित्राला सांगता येते.

म्हणून प्रेक्षकाचे दायित्व छायाचित्र घेतल्यानंतर सुरू होते. पालमच्या घरातील संग्रहात चौमहल्ल्याचे चित्र जरूर असावे. मात्र त्याखाली केवळ राजाचे नाव न लिहिता, हे कोणाच्या पिकावर उभे राहिले, तेही लिहिले जावे. ते उत्तर लिहिण्याचा अधिकार पालमच्या प्रेक्षकाइतका क्वचितच दुसऱ्या कोणाचा असेल.