ओसंडलेल्या गाळाचा हिशेब

जे अनिष्ट घडावे अशी आपली इच्छा नसते, पण घडणार हे ठाऊक असते, त्याचे उत्तरदायित्व आपल्यावर येते काय? नीतिशास्त्रातला हा जुना प्रश्न बंदरातल्या एका नित्याच्या कामातही उभा राहतो.

मोठ्या जहाजांसाठी जलमार्ग खोल करताना ड्रेजर समुद्रतळाचा गाळ शोषून बार्जमध्ये सोडतो. त्यात मातीपेक्षा पाणीच अधिक असते. बार्ज भरताच थांबावे, तर ते पाणीच दूरवर वाहून न्यावे लागते. म्हणून भरणे चालू ठेवतात. माती तळाशी बसते आणि वरचे गढूळ पाणी समुद्रात ओसंडते. खेपा घटतात, इंधन वाचते. या काटकसरीत मुळात गैर काही नाही. बंदराचा खर्च अखेर तुमच्याआमच्या जिनसांच्या किमतीतच उतरतो.

परंतु हा युक्तिवाद वाळूपुरता खरा आहे. वाळू जड, ती चटकन बसते. बारीक चिकण गाळ मात्र पाण्यातच तरंगत राहतो आणि ओसंडणाऱ्या पाण्याबरोबर परत जातो. लाभ क्षीण होतो, हानी वाढते. सूर्यप्रकाश अडतो, शिंपले आणि माशांची अंडी गाळाखाली गुदमरतात.

ड्रेजिंगचा गाळ काय करू शकतो, हे अमेरिकेतील मायामी बंदराने दाखवले. तेथील जलमार्ग २०१३ ते २०१५ या काळात खोल करण्यात आला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाच्या अंदाजानुसार, त्यापासून अर्ध्या किलोमीटरच्या आत पाच लाखांहून अधिक प्रवाळ मेले. ते मरावेत असा कुणाचाही हेतू नव्हता.

हेतू नव्हता, एवढ्याने मात्र सुटका होत नाही. अनिच्छेने केलेली हानी क्षम्य ठरायची, तर लाभ तिच्या तोलाचा हवा आणि टाळता येण्याजोगे सारे टाळलेले हवे. चिकण गाळाच्या बाबतीत पहिलीच अट मोडते. शिवाय वाचलेला पैसा एकाचा आणि नुकसान दुसऱ्याचे. बार्जच्या खेपा हिशेबात मोजल्या जातात. कोळ्याचे रिकामे जाळे कोणत्याच वहीत चढत नाही.

मुंबई बंदराचा तळही बहुतांशी बारीक गाळाचाच आहे. म्हणून हा प्रश्न आपल्याही दारातला. तळाची माती आधी तपासावी, चिकण गाळ ओसंडू देऊ नये, माशांच्या विणीच्या काळात काम थांबवावे. खर्च वाढेल. तो ज्यांना खोल जलमार्गाचा लाभ होतो त्यांनी सोसावा, हाच न्याय.