टेबलावरची वाटणी

आठ जण जेवले, बिल ६,४०० रुपये झालं, प्रत्येकी ८००. पुण्याच्या कोथरूडमध्ये पौड रस्त्यापासून कर्वे पुतळ्यापर्यंतच्या हॉटेलांत शनिवारी रात्री असे भागाकार सतत चालू असतात. एक जण मोबाइलवर आकडेमोड करतो, रक्कम मोठ्यानं सांगतो, बाकीचे स्कॅन करायला लागतात. दोन मिनिटांत विषय मिटतो. मला या दोन मिनिटांबद्दलच लिहायचं आहे. कोण पुन्हा जेवायला येणार आणि कोण हळूहळू गळणार, हे पुष्कळदा तेवढ्यात ठरून जातं, आणि ते कुणी बोलून दाखवत नाही.

हेच बिल उलगडून पाहू. खाण्याचे ४,००० रुपये, त्यावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे २००. दारूचे २,००० रुपये. दारू जीएसटीच्या बाहेर आहे, तिच्यावर राज्याचा व्हॅट लागतो आणि परमिट रूममध्ये तो नोव्हेंबर २०२३पासून १० टक्के आहे. म्हणजे तेही २००च. आता आठांपैकी चौघेच प्यायले असतील, तर न पिणाऱ्याचा वाटा होतो ५२५ आणि पिणाऱ्याचा १,०७५. सरसकट ८०० काढले की न पिणारा प्रत्येक जण २७५ रुपये जास्त देतो आणि पिणाऱ्या प्रत्येकाचे तेवढेच वाचतात. दोन्हींवरचे कर निराळे, त्यामुळे बिलावर खाणं आणि दारू हे आकडे वेगवेगळेच छापून येतात. हॉटेलच्या यंत्रानं वेगळं करून दिलेलं आपण पुन्हा एकत्र करतो आणि मग आठानं भागतो.

न पिणारा बोलत का नाही? कारण बोललं की २७५ रुपयांसाठी तोंड उघडणारा म्हणून तो ओळखला जाणार. ज्याचे पैसे जादा गेले त्यालाच विषय काढायचा असतो, आणि विषय काढला की चिकटपणाचा शिक्काही त्याच्यावरच बसतो. ज्याचे वाचले त्याला फक्त गप्प बसायचं असतं. हे उलटं व्हायला हवं, असं मला अगदी मनापासून वाटतं. ज्यानं जास्त मागवलं, त्यानं पहिल्यांदा बोलावं: ‘दारूचं आमचं चौघांचं वेगळं काढ.’ हे वाक्य पिणाऱ्याच्या तोंडी मोठेपणाचं वाटतं आणि न पिणाऱ्याच्या तोंडी कोतेपणाचं. मग ते ज्याच्या तोंडी शोभतं त्यानंच म्हणावं.

समान वाटणीचा परिणाम पैशांपुरता राहत नाही, ती मागवण्यावरही परिणाम करते. उरी ग्नीझी, अर्नान हारुव्ही आणि हदास याफे या तीन अभ्यासकांनी इस्राएलमधल्या हैफा शहरातल्या एका हॉटेलात प्रयोग केला. २००४ साली तो ‘इकॉनॉमिक जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. सहा-सहा जणांचे गट जेवायला बसवले. ज्यांनी आपापलं बिल द्यायचं होतं त्यांनी सरासरी सुमारे ३७ शेकेलचं खाल्लं. ज्यांचं बिल समान वाटलं जाणार होतं त्यांनी सुमारे ५१ शेकेलचं. पूर्ण फुकट असलेल्यांनी ८२चं. गणित साधं आहे. आठ जणांत ४०० रुपयांचं स्टार्टर मागवलं तर मागवणाऱ्याला ते पन्नासात पडतं. उरलेले साडेतीनशे इतरांचे. प्रत्येकानं असाच विचार केला की सगळ्यांचंच बिल फुगतं आणि शेवटी कुणालाच ते नको असतं. हैफातले जेवणारे एकमेकांच्या ओळखीचे नव्हते, ही गोष्ट मात्र विसरून चालणार नाही. चार जिवलग मित्रांत संकोच आणि माया हे दोन्ही लगाम असतात. टेबल मोठं होत गेलं, मित्राचे मित्र येऊन बसले, की हे लगाम सैल पडतात.

‘तुझं तू, माझं मी’ असं आपण म्हणतो, टीटीएमएम म्हणतो, पण कोथरूडच्या टेबलावर ते शब्दशः कधीच होत नाही. आपलं जेवण मधल्या भांड्यांत असतं. एक पनीर, एक दाल, एक चिकन, रोट्या मोजून, शेवटी एका बिर्याणीत तिघे. कुणी किती चमचे वाढून घेतले, हे कोण लिहिणार? जुन्या खानावळीत हा प्रश्नच नव्हता. टिळक रस्त्यावरची बादशाही बोर्डिंग १९३२पासून आहे. अशा ठिकाणी ताटाचा दर ठरलेला, ताट ज्याचं त्याचं, हिशेब माणशी. पंजाबी पद्धतीची मधली भांडी आली आणि त्यांच्याबरोबर वाटणीचा गुंता आला.

तो सोडवण्याची एक पद्धत कोथरूडकरांना घरबसल्या माहीत आहे. गृहनिर्माण सोसायटीच्या देखभाल-वर्गणीची पावती नीट पाहा. आदर्श उपविधींनुसार रखवालदार, झाडलोट, जिन्यातले दिवे यांचा खर्च सर्व सदनिकांवर समान. लिफ्टचाही समान, तळमजल्यावाल्यालासुद्धा. पाणी मात्र नळांच्या जोडण्यांनुसार. वाहनतळ जागांच्या संख्येनुसार. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या प्रमाणात. एकाच पावतीत प्रत्येक बाबीचं माप वेगळं. शेजारची इमारत सोसायटी नसून १९७०च्या अपार्टमेंट कायद्याखालची असेल तर तिथे सामाईक खर्च प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीनं वाटला जातो, म्हणजे मोठ्या फ्लॅटला जास्त. दोन इमारतींच्या मध्ये एक भिंत आणि न्यायाच्या दोन कल्पना. वार्षिक सभांमध्ये यावरून लोक घसा बसेपर्यंत भांडतात आणि अखेर काही तरी लिहून ठेवतात. हॉटेलातल्या टेबलाला यातलं एवढंच घेता येईल: जे मधे ठेवून खाल्लं ते समान, जे एकट्यासाठी मागवलं ते ज्याचं त्याचं. दारू, मॉकटेल, घरच्यांसाठी बांधून घेतलेलं पार्सल हे बाजूला काढायचं. उशिरा येऊन फक्त सूप घेतलेल्याला वाटणीत धरायचंच नाही. शाकाहारी माणसावर खेकड्याचा किंवा सुरमईचा भार टाकायचा नाही. याउपर रुपया-रुपयाच्या मागे लागू नये. कुणी दोन रोट्या जास्त खाल्ल्या हे ज्याच्या लक्षात राहतं, त्यानं जेवण कसलं केलं?

हिशेब मागणं हलकेपणाचं, ही समजूत माझ्या मते मोडायला हवी, आणि तरुण मुलामुलींनी ती बरीचशी मोडली आहे. एमआयटी कॉलेजच्या आसपास, दुर्गा कॅफेच्या कोल्ड कॉफीसाठी उभे असलेले विद्यार्थी ‘कॉन्ट्री काढू’ म्हणतात आणि त्याच दमात ‘माझ्याकडे दीडशेच आहेत’ असंही म्हणतात. महिनाअखेर आहे, घरून पैसे यायचे आहेत, हे सांगण्यात त्यांना लाज वाटत नाही. बेत त्या दीडशेत बसवला जातो. मुलींच्या दृष्टीनं तर आपला वाटा आपण देणं ही फार मोलाची गोष्ट आहे. कॉफीचे पैसे मुलानंच द्यायचे, या रिवाजात नंतर कसली तरी परतफेड गृहीत धरलेली असे; कधी हसून बोलण्याची, कधी पुन्हा भेटण्याची. स्वतःचे पैसे देऊन उठलेली मुलगी कुणाची काही लागत नाही. टीटीएमएमला कोरडेपणा म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनी ही बाजू विचारात घ्यावी.

पण वडीलधाऱ्यांचीही एक बाजू आहे आणि ती मला तितकीच खरी वाटते. आपल्याकडे शेजारणीची वाटी रिकामी परत करत नाहीत. आमटी आली होती म्हणून आमटीच परत जाते असं नाही. चार दिवसांनी दोन लाडू जातात, कधी मूठभर शेंगा. डेव्हिड ग्रेबर या मानववंशशास्त्रज्ञानं कर्जाच्या इतिहासावरच्या आपल्या २०११च्या पुस्तकात नायजेरियातल्या तिव लोकांची अशीच रीत त्यांच्यात राहिलेल्या लॉरा बोहॅनन यांच्या अनुभवातून सांगितली आहे. तिथे शेजारच्या बाया अंडी, भाजी, शेंगदाणे आणून देतात. परत काही तरी द्यायचं, पण नेमकं तेवढ्याच मोलाचं द्यायचं नाही. किंचित जास्त किंवा किंचित कमी. नेमकं तेवढंच दिलं तर त्याचा अर्थ, आता आपला संबंध संपला. थोडं देणं-घेणं उरलेलं असलं की पुन्हा दार ठोठावायला कारण राहतं.

‘आज मी देतो, पुढच्या वेळी तू’ या पद्धतीचं बळ यात आहे. डहाणूकर कॉलनीतल्या किंवा मयूर कॉलनीतल्या बायकांच्या भिश्या बघा. रक्कम दर महिन्याला सारखी, जिची भिशी लागली तिच्याकडून खाणं. अकरा महिने दुसऱ्यांचं खायचं आणि एकदा खिलवायचं. सकाळी फिरायला जाणाऱ्या निवृत्तांच्या इडली-कॉफीचंही तेच. पाळी चालते, कारण पुढच्या महिन्यात आपण असणार आणि हीच माणसं असणार याची खात्री असते. नोकरीनिमित्त बंगळुरूला किंवा परदेशात जाऊ शकणाऱ्या सहकाऱ्यांना ती खात्री नसते. त्यांनी टेबलावरच चुकतं करणं रास्त आहे. तेव्हा आपण कोणत्या प्रकारच्या माणसांबरोबर बसलो आहोत, हे आधी ओळखावं. सैल, बदलत्या गटात बाबनिहाय वाटणी. कायमच्या मैत्रीत पाळी.

आता सर्वांत अवघड भाग. शाळेची बॅच पंचविशी-तिशीनंतर पुन्हा जमते. एक जण हिंजवडीत व्यवस्थापक, एक डॉक्टर, एकाचं स्वतःचं वर्कशॉप, आणि एक जण कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो. त्याला तासांप्रमाणे मानधन मिळतं. सुट्टीच्या महिन्यांत तास नाहीत म्हणून पैसेही नाहीत. ग्रुपवर हॉटेलचं नाव पडतं, खाली अंगठ्यांची रांग लागते. तोही अंगठा देतो. पहिल्यांदा येतो, सूप आणि एक रोटी खातो, ८०० देतो. दुसऱ्यांदा त्याच्या घरी पाहुणे असतात. तिसऱ्यांदा त्याला कुणी विचारत नाही, कारण ‘तो हल्ली येतच नाही’. त्याच्या जाण्याला समान वाटणी कारण झाली हे त्या सहा-सात चांगल्या माणसांना कधी कळतही नाही. आणि ती खरोखर चांगली माणसं असतात. एखाद्याच्या आईच्या ऑपरेशनला याच ग्रुपवर एका दुपारी लाखभर रुपये उभे राहतात. अडचणीच्या वेळी देणं त्यांना येतं. अडचण नसताना, साध्या शनिवारी, मित्राच्या खिशाचा विचार करणं राहून जातं.

यावर ‘त्याचे आम्ही भरू’ हा उपाय बरोबर नाही. एकदा चालेल. दर वेळी चाललं तर तो मित्राचा आश्रित होतो, आणि शाळेच्या बाकावर शेजारी बसलेल्या माणसाला ते सहन होत नाही, होऊही नये. खरा निर्णय बिल येण्याच्या कितीतरी आधी, जागा ठरवताना होतो. ज्याची मिळकत सगळ्यांत जास्त, त्यानं स्वस्त जागा सुचवावी. ती सूचना दुसऱ्या कुणाकडून आली की तिच्यामागे अडचण दिसते, त्याच्याकडून आली की ती नुसती आवड ठरते. मित्र थोडे असतील तर पाळी समान ठेवावी आणि रकमा असमान राहू द्याव्यात. व्यवस्थापकानं जेवण द्यावं, प्राध्यापकानं पुढच्या आठवड्यात मिसळ द्यावी, आणि ती मिसळ खाताना कुणी ‘अरे राहू दे, मी देतो’ म्हणत पाकिटात हात घालू नये. देण्याची पाळी काढून घेणं हे पैसे घेण्यापेक्षा वाईट. मैत्रीत समान व्हायचं ते देणारा म्हणून. रुपयांची समानता त्यापुढे दुय्यम आहे.

वाढप्याचंही इथेच सांगून टाकतो, कारण तोही या वाटणीतून निसटतो. सेवाशुल्क सक्तीनं लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५मध्ये ती उचलून धरली. चांगलंच झालं. पण यूपीआयनं प्रत्येक जण आपापले ८०० पाठवून उठतो आणि बडीशेपेच्या ताटलीत पूर्वी उरणाऱ्या सुट्ट्या नोटा आता उरत नाहीत. भागाकाराच्या आधी टिपेची रक्कम बिलात मिळवावी आणि कुणी तरी ती रोख द्यावी.

राहिला शेवटचा पर्याय: हॉटेल नकोच, घरी जमू. खर्च कमी, गप्पा जास्त, बिल नाही. प्राध्यापकही येईल. मात्र घरच्या जेवणात बिल नसतं ते लिहिलं जात नाही म्हणून. दुपारपासून ओट्याशी उभी असलेली बाई ते भरते, आणि पुष्कळदा ती त्या बॅचमधली नसतेही. अंगतपंगत त्यापेक्षा बरी. प्रत्येकानं आपापला डबा आणायचा, मधे ठेवायचा, सगळ्यांनी सगळ्यांचं खायचं. कुणी मटण आणेल, कुणी पिठलं, आणि तिथे कमी-जास्त कुणी मोजत नाही. फक्त डबे उघडण्यापूर्वी एवढं विचारून घ्यावं, की यातला कोणता डबा आणणाऱ्यानं स्वतः केला आहे.