हटवणं आणि परत पाठवणं

‘मुंबईत यायला परवाना लावा, मगच हे लोंढे थांबतील.’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. चाळीच्या गॅलरीत ऐकलं, लोकलच्या डब्यात ऐकलं, आता घरच्या ग्रुपवर फॉरवर्ड होऊन येतं. म्हणणारी माणसं वाईट नसतात. संध्याकाळी ऑफिसं सुटल्यावर लोअर परळ स्टेशनच्या पुलावर कुणालाही वाटेल की आता बस झालं. त्यामुळे प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कुणी कुठे राहायला जावं हे ठरवण्याचा अधिकार सरकारला किती असावा?

मुंबईत असा एक प्रयत्न होऊन गेला आहे. १३ जुलै १९८१ रोजी तेव्हाचे मुख्यमंत्री ए. आर. अंतुले यांनी जाहीर केलं की, शहरात फुटपाथवर राहणाऱ्या सगळ्यांना जबरदस्तीने हटवून आपापल्या मूळ गावी पाठवलं जाईल किंवा शहराबाहेर नेऊन सोडलं जाईल. ऐन पावसाळ्यात. याविरुद्ध काही फुटपाथवासी कोर्टात गेले, पत्रकार ऑल्गा टेलिस गेल्या. पुढे हा खटला त्यांच्याच नावाने ओळखला गेला.

त्या निकालपत्रात दोन अर्जदारांची हकिकत आहे. पहिला तमिळनाडूतल्या सेलमचा भूमिहीन मजूर. दुष्काळामुळे काम गेलं म्हणून १९६१ मध्ये मुंबईत आला. दहिसरच्या एका केमिकल कंपनीत रोजावर लागला आणि हायवेच्या कडेला प्लॅस्टिक-ताडपत्रीच्या खोपटात बायको आणि तीन मुलींसह राहू लागला. २३ जुलै १९८१ रोजी पालिकेने ते खोपट पाडलं आणि सगळ्या कुटुंबाला सेलमच्या बसमध्ये बसवलं. बायको-मुली तिकडेच राहिल्या. तो मात्र काम शोधत मुंबईला परत आला आणि पुन्हा फुटपाथवरच राहू लागला.

दुसरा होता संगमनेरचा. गावात चांभारकाम करायचा, दिवसाला सात-आठ रुपये मिळायचे. गावातलं घर पडलं तेव्हा १९६९ मध्ये मुंबईत आला, महिना साडेतीनशे रुपयांवर बदली कामगार म्हणून लागला. तुळशीवाडीच्या फुटपाथवरच्या जागेसाठी त्याने तिथल्या गुंडाला तीनशे रुपये मोजले. बांबू आणि प्लॅस्टिकला सातशे गेले ते वेगळेच.

मला या दुसऱ्या माणसापाशी थांबावंसं वाटतं. परवाना मागणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नेहमी परप्रांतीय असतो. इथे तर अहमदनगर जिल्ह्यातला मराठी माणूसही त्याच आदेशाच्या कचाट्यात सापडला. ‘मूळ गाव कोणतं?’ हा प्रश्न एकदा सरकारच्या हाती दिला, की तो फक्त आपल्याला नको असलेल्या माणसालाच विचारला जाईल, याची हमी कोण देणार?

माझ्या मते घोळ सुरू होतो तो इथे. त्या आदेशात दोन वेगळे अधिकार एकत्र बांधले होते. एक हटवण्याचा, दुसरा परत पाठवण्याचा. हटवणं हा जागेबद्दलचा निर्णय आहे: हा फुटपाथ चालण्यासाठी आहे, इथे राहता येणार नाही. परत पाठवणं हा माणसाबद्दलचा निर्णय आहे: तू या शहराचा नाहीस. पहिला अधिकार कुठल्याही सरकारला लागतोच, नाहीतर रस्ते, नाले, शाळांची मैदानं काहीच उरणार नाही. दुसरा अधिकार स्वतःच्या नागरिकांवर चालवायला लागलेलं सरकार मग आपलं काम करत नसतं. ते आपल्याला हवे तसे लोक निवडत असतं. लोकशाहीत निवड उलट्या बाजूने व्हायची असते.

१० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या पाच जणांच्या घटनापीठाने निकाल दिला. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, हे तत्त्व या निकालाने पक्कं केलं. पण फुटपाथवर घर बांधण्याचा हक्क कुणालाही नाही, हेही त्याच निकालात आहे. नोटीस द्या, म्हणणं ऐकून घ्या आणि पावसाळा सरेपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबरपर्यंत, हात लावू नका, असं कोर्टाने सांगितलं. निकाल दोन्ही बाजूंना थोडा कडू लागतो, पण हटवण्याच्या अधिकाराला असाच लगाम हवा. परत पाठवण्याच्या बाबतीत तर राज्यघटनेच्या कलम १९ मध्ये सरळच लिहिलं आहे: भारतात कुठेही फिरण्याचा, कुठेही राहण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे.

‘मग अरुणाचल, नागालँडला जायला परमिट कसं लागतं?’ हा प्रश्न रास्त आहे. अनुसूचित जमातींच्या हितासाठी या हक्कावर वाजवी बंधनं घालता येतात, अशी सोय त्याच कलमात आहे. लहान जमातींची जमीन आणि जगणं मोठ्या लोकसंख्येच्या रेट्यात वाहून जाऊ नये, यासाठी ती आहे. मुंबईची गोष्ट वेगळी. हे शहर येणाऱ्यांनीच उभं केलं.

माझे आजोबा चिपळूणजवळच्या गावातून आले आणि इथल्या एका गिरणीत बदलीवर लागले. बदली म्हणजे रोज गेटवर उभं राहायचं, कायम कामगार आला नाही तर आपला नंबर. राहायला गावकऱ्यांची सामाईक खोली, भिंतीला ओळीने ट्रंका, पाळीप्रमाणे झोप, जेवण खानावळीत. परवान्याचा कुठलाही फॉर्म नोकरी आणि पत्ता मागणार. आणि तेच दोन्ही मिळवायला तर माणूस शहरात येतो. आजोबांना पहिल्याच रकान्यात नकार मिळाला असता. चीनमध्ये १९५८ पासून हुकौ नावाची अशी नोंदणी आहे. तिच्यामुळे खेड्यातले लोक शहरात यायचे थांबले नाहीत. ते आले, कारखान्यांत राबले, फक्त त्यांच्या मुलांना शहरातल्या शाळेचे दरवाजे सहज उघडेनात.

मराठी माणूस मुंबईबाहेर फेकला गेला, ही तक्रार खरीच आहे. आमचे काका नालासोपाऱ्याला गेले, आत्या बदलापूरला. पण त्यांना फुटपाथवरच्या माणसाने घालवलं नाही. १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यातले कितीतरी जण पुन्हा कामावर गेलेच नाहीत. १९९१ च्या नियमाप्रमाणे गिरण्यांची जमीन विकसित होताना साधारण एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी पालिकेला आणि एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला मिळायचा होता. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची होईल असं ठरलं, आणि गिरण्यांच्या आवारात मोकळी जमीन ती कितीशी असणार? २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो बदल कायम ठेवला. आज फिनिक्स मिलच्या जागी मॉल आहे, कमला मिलच्या आवारात ऑफिसं आहेत. म्हणजे जमिनीचं काय करायचं हा जो सरकारचा खरा अधिकार, तिथे सरकारने हात आखडता घेतला. माणसांचं काय करायचं हा जो त्याचा नव्हता, तिथे बस काढल्या.

आता अवघड भाग. परदेशी नागरिकाचं काय? देशाला सीमा असते आणि बेकायदा आलेल्या परदेशी माणसाला परत पाठवण्याचा अधिकार सरकारला आहे, हे मी मान्य करतो. पण परत पाठवण्याआधी ‘हा परदेशी आहे’ हे ठरवावं लागतं आणि नागरिकाचा पाय तिथेच अडकतो. जुलै १९९८ मध्ये मुंबई पोलिसांनी काही बंगाली भाषक जरी कारागिरांना बांगलादेशी ठरवून रेल्वेने बंगालकडे रवाना केलं. उलुबेरिया स्टेशनवर जमावाने गाडी अडवून त्यांना सोडवलं आणि ते आपलेच नागरिक असल्याचं तिथून सांगितलं गेलं. जून २०२५ मध्ये महाराष्ट्रात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना थेट बांगलादेशच्या हद्दीत ढकललं गेलं. ते भारतीय असल्याची खात्री पटल्यावर त्यांना परत आणावं लागलं. मधल्या सत्तावीस वर्षांत आधार आलं, सगळं ऑनलाइन झालं, चूक मात्र तीच राहिली. १९४६ च्या परदेशी नागरिक कायद्याने, आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याचं ओझं त्या माणसावरच टाकलं होतं. खिशात हात घालून बघा. तुमचा जन्म या देशात झाला हे आज रात्री, पोलीस चौकीत, वकिलाशिवाय, तुम्ही कशाने सिद्ध कराल?

म्हणून सुनावणी ही घुसखोरावर केलेली मेहरबानी नाही. सरकार चुकतं तेव्हा आपल्याला वाचवणारी तेवढी एकच पायरी आहे. तिची किंमत आहे. ती पाळली तर ज्याला खरंच परत जायला हवं तो काही महिने जास्त राहील. नोटिशीची मुदत संपेपर्यंत फुटपाथ अडलेला राहील, स्टेशनच्या पुलावरची गर्दी एका माणसानेही कमी होणार नाही. ही किंमत मला मान्य आहे. ती वाचवायला सरकारच्या हातात जो अधिकार द्यावा लागेल, तो वापरायला त्याला फक्त एक बस आणि एका माणसाचं मूळ गाव पुरतं. आणि मूळ गाव मुंबईत प्रत्येकालाच आहे.