ज्युरीच्या बाकावरून पडद्यासमोर

गुन्हा कोणी केला आणि तो सिद्ध कसा होतो, याचे कुतूहल सामान्य माणसाला नेहमीच असते. न्यायव्यवस्थेत त्या कुतूहलाला मिळणारी जागा मात्र बदलत गेली आहे. इंदूरच्या होळकर दरबाराला हादरवणारा बावला खून खटला हा त्या प्रवासातला मोठा टप्पा.

12 जानेवारी 1925 च्या संध्याकाळी मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याची मोटार अडवून त्याला गोळ्या घालण्यात आल्या. सोबत मुमताज बेगम होती. तिसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या राजवाड्यातून निघून आलेली. तिला पळवून परत नेण्याचा हा डाव होता. तिच्या चेहऱ्यावर वार झाले, पण गोल्फ खेळून परतणारे ब्रिटिश लष्करी अधिकारी तेवढ्यात तिथे पोहोचले आणि त्यांच्यातला एक जण गोल्फची काठी घेऊनच हल्लेखोरांवर धावून गेला. एखाद्या पटकथाकाराने असा प्रसंग लिहिला असता तर ओढूनताणून आणला म्हणून तो कापला गेला असता.

खटला मुंबई उच्च न्यायालयात ज्युरीसमोर चालला. इंदूरच्या फौजेतील अधिकारी आनंदराव फणसे यांच्या बचावाला बॅ. जिना उभे होते. तिघांना फाशीची शिक्षा झाली. लोकांना खरा प्रश्न पडला होता तो मारेकऱ्यांमागे कोण, हा. त्याचा निकाल ज्युरीला द्यायचाच नव्हता, कारण महाराज आरोपी नव्हते. सरकारने त्यांच्यापुढे चौकशी आयोग किंवा पदत्याग असे दोनच मार्ग ठेवले. फेब्रुवारी 1926 मध्ये त्यांनी गादी सोडली. प्रकरण मिटले, उत्तर मिळाले नाही. तोवर कोहिनूर कंपनीचा ‘कुलीन कांता’ हा होमी मास्टर दिग्दर्शित मूकपट याच प्रकरणावरून निघालाही होता. कोर्टात अर्धी राहिलेली गोष्ट पडद्यावर पुरी करून पाहायची सवय इतकी जुनी आहे.

ज्युरीत बसणारे लोक कायदेपंडित नव्हते, हे इथे महत्त्वाचे. सामान्य माणसाचा कौल तेव्हा निकालाचा भाग होता. नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरील 1959 च्या खून खटल्यात ज्युरीने आठ विरुद्ध एक मताने आरोपीला निर्दोष ठरवले आणि उच्च न्यायालयाने तो कौल फिरवला. हा देशातला शेवटचा ज्युरी खटला, ही समजूत लोकप्रिय असली तरी खरी नाही. पण पद्धतीवरचा विश्वास ढासळला तो तेव्हापासून. 1 एप्रिल 1974 ला लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला स्थानच उरले नाही. त्याआधी दीडच वर्षापूर्वी, 2 ऑक्टोबर 1972 ला, मुंबई दूरदर्शन सुरू झाले होते. हा योगायोगच, पण बोलका.

पुढे छोट्या पडद्यावर बी. पी. सिंग यांची ‘एक शून्य शून्य’ ही मराठी मालिका आली आणि जानेवारी 1998 पासून ‘सीआयडी’. शिवाजी साटमांचा एसीपी प्रद्युम्न घराघरांत पोहोचला. इथे गुन्हेगार भागाच्या शेवटी पोलिसांसमोर कबुली देतो आणि प्रेक्षकाच्या लेखी खटला संपतो. कायद्याच्या लेखी त्या कबुलीला किंमत नाही: पोलिस अधिकाऱ्याला दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, असे 1872 च्या पुरावा कायद्याचे कलम 25 सांगत होते आणि 2023 च्या भारतीय साक्ष अधिनियमातही ते तत्त्व कायम आहे. म्हणजे मालिका जिथे संपते, तिथून तपासाचे खरे काम सुरू होते.

त्या कामात सामान्य माणसाला अजूनही एक जागा आहे, ती पंचाची. जप्तीच्या वेळी हजर राहायचे, मुद्देमालाला सील लागताना पाहायचे, पंचनाम्यावर सही करायची आणि वर्षांनी समन्स आले की कोर्टात जाऊन ते सांगायचे. रोज रात्री तपास पाहणारा माणूस हे काम मात्र टाळतो, आणि गेलाच तर अनेकदा फितूर होतो. त्याला सगळा दोष देणे सोपे आहे, पण तारखांमागून तारखांचा जाच त्यालाच सोसावा लागतो.

प्रेक्षकाला खरे कोर्टही पडद्यावर पाहायला मिळाले: 2021 पासून मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे कामकाज थेट प्रक्षेपित होऊ लागले. पडद्यावर दिसू लागले ते जामीन अर्ज, अपिले आणि पुढची तारीख मागणारे वकील. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीच्या नमुना नियमांनी साक्ष आणि उलटतपासणी मात्र प्रक्षेपणातून वगळली आहे. साक्षीदाराने दुसऱ्याची साक्ष आधीच ऐकून आपली बेतू नये, याची काळजी कोर्टाला घ्यावी लागते.