आधी पायातले पट्टे सोड

आधी ते पायातले पट्टे सोड. बस खाली, सोड, आणि मग माझ्याकडे बघ. दोन्ही घोटे इलॅस्टिकने जखडून तू पिचरसमोर बॅटिंगला उभा राहिलास. तुला वाटलं असेल, मॅडम बघतील, पोरगा मेहनत घेतोय म्हणतील. मी बघितलं आणि माझ्या पोटात गोळा आला. चेंडू कानशिलाच्या रोखाने आत आला असता तर काय करणार होतास? पुढचा खांदा आत वळवायचा, हनुवटी छातीला टेकवायची, पाठ चेंडूकडे करायची, हे सगळं तुला शिकवलंय. त्यासाठी आधी पाय मोकळे लागतात. पाय बांधलेला माणूस वळायला गेला की आपटतो.

१६ ऑगस्ट १९२० रोजी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर क्लीव्हलँडचा शॉर्टस्टॉप रे चॅपमन बॅटिंगला उभा होता. यँकीजचा पिचर कार्ल मेज याचा चेंडू त्याच्या डोक्याला लागला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. त्या काळी बेसबॉलमध्ये हेल्मेट नव्हतं. चेंडू त्याला दिसलाच नसावा, तो जागचा हललाही नाही, असं पाहणारे म्हणाले. मेजर लीगच्या सामन्यात पिचरचा चेंडू लागून प्राण गमावलेला तो एकमेव खेळाडू. त्याचे पाय तरी मोकळे होते, तू तर आपल्या हाताने बांधून घेतलेस. यापुढे पिचर चेंडू टाकत असताना कुणाच्याही पायात काही बांधलेलं दिसलं, तर त्याची त्या दिवसाची प्रॅक्टिस तिथेच संपली. हे मी एकदाच सांगते. बाकीच्यांनीही कान उघडे ठेवा, हे फक्त याच्यासाठी नाही.

आता त्या पट्ट्याचं बोलू. पट्टा एकच काम करतो, पुढचा पाय ठरावीक अंतरापलीकडे जाऊ देत नाही. ज्याचं पाऊल लांब पडतं त्याने टीवरचा, म्हणजे उभ्या दांड्यावर ठेवलेला चेंडू मारताना किंवा नुसती बॅट फिरवताना तो बांधला तर उपयोग आहे. तुझं पाऊल लांब पडतच नाही. मग कशासाठी बांधलास? व्हिडिओत बघितला, घरी हट्ट धरला आणि मागवला. त्याच्याबरोबर पावलांचे ठसे छापलेली चटई आली, मागच्या पायाखाली ठेवायची फिरती चकती आली. बाबांनी महिन्याच्या खर्चात ओढाताण करून पैसे दिले असणार. एवढं सगळं करण्याआधी माझ्या पायाचं नेमकं चुकतं काय, हे विचारायला माझ्याकडे आला असतास तर? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा सगळा प्रकार झाला.

तुझं काय चुकतं ते मी सांगते. सकाळी मैदानावर पाणी मारलेलं होतं, माती ओली होती. टीवरची प्रॅक्टिस करून तू बाजूला झालास तेव्हा मी बॅटरच्या बॉक्समध्ये वाकून ठसे बघितले. पुढच्या पायाचा ठसा पिचरच्या दिशेने, जिथे हवा तिथे. चवड्याची आतली कड खोल रुतलेली, टाच तिच्यामागून टेकलेली. मागच्या पायाची टाच उचलून वळल्याची खूणही स्वच्छ होती. त्या ठशांत मला खोड काढायला जागा नव्हती. मग पिचर आला. तुझी बॅटिंग झाल्यावर मी पुन्हा वाकले. त्याच बॉक्समध्ये, त्याच मातीत पुढचा पाय थर्ड बेसच्या बाजूला पार फक्कीच्या रेषेवर गेला होता. रेषा पुसली गेली होती. सगळा भार टाचेवर, अंगठ्याखाली माती जेमतेम दबलेली. टीसमोर सरळ पडणारा पाय माणूस समोर आल्यावर बाहेर पळतो, याचा अर्थ तुझ्या पायाला योग्य जागा ठाऊक आहे. पळतंय ते मन. तुला चेंडूची भीती वाटते.

मान खाली घालू नकोस. भीती वाटली म्हणून मी ओरडत नाही. लाकडी फळी ठोकल्यासारखा आवाज करत कॅचरच्या मिटमध्ये बसणारा चेंडू अंगावर येताना कुणालाही भीती वाटते. मी ओरडते ती यासाठी, की ती भीती तू माझ्यापासून लपवलीस आणि तिच्यावर पट्टा बांधलास.

त्या भीतीचं बॅटिंगमध्ये काय होतं तेही समजून घे. पुढचा पाय बाहेर गेला की पुढचा खुबा वेळेआधी उघडतो. खुब्यामागे खांदा जातो, खांद्यामागे हात. बॅट प्लेटवरून निघते तेव्हा तिच्यात जोर उरलेला नसतो. प्लेट १७ इंच रुंद आहे. तिच्या बाहेरच्या कडेवरून जाणारा स्ट्राइक तुला मग बॅटच्या टोकानेही गाठता येत नाही, आणि चांगला पिचर हे एका चेंडूत ओळखून सगळे चेंडू तिथेच टाकतो. फटक्याचा जोर दंडातून येत नाही, हे मी किती वेळा सांगितलं आहे? पुढची टाच जमिनीत बसते, तो पाय ताठ होऊन अंगाचा पुढे जाणारा वेग अडवतो, कंबर वळते आणि तो वेग वर हातांत चढतो. पायच पळाला तर अडवणार कोण?

आता बाकीच्या वस्तू. चटई गुंडाळून ठेव. तिच्यावरचे ठसे कुणाच्या उंचीचे, कुणाच्या पायांच्या लांबीचे आहेत, तुला माहीत आहे का? तू इथल्या सगळ्यांपेक्षा उंच आहेस. त्या ठशांत पाय बसवायला तू गुडघे अवघडून उभा राहतोस, ते मला लांबून दिसतं. फिरती चकती तर माझ्या मैदानावर नकोच. मागचा पाय जागच्या जागी गरकन फिरवायचा, जणू खाली किडा चिरडायचा आहे, असं पूर्वी सगळीकडे शिकवत. मोठ्या फलंदाजांचे संथ गतीतले व्हिडिओ नीट बघ. कंबर वळते म्हणून मागची टाच उचलली जाते. जोराच्या फटक्यात कित्येकांचा तो पाय जमिनीवरून सुटतो किंवा पुढे ओढला जातो. कारण कंबर आहे आणि पाय तिच्यामागून येतो. चकतीवर तू नुसता पाय फिरवायला शिकशील, वजन मागेच राहील आणि चेंडू शॉर्टस्टॉपच्या हातात जाईल.

फळी मात्र मला मान्य आहे. जमिनीवर आडवी ठेवलेली, पाऊलभर रुंदीची साधी लाकडी फळी. तिच्यावर उभं राहून बॅट फिरवली की वजन टाचेवर गेलं तर माणूस मागे उतरतो, बोटांवर गेलं तर पुढे. दोष झाकायला तिथे जागाच नाही. सुताराकडे टाकून दिलेला तुकडा मिळतो, त्याचे पैसेही पडत नाहीत. ती नुसत्या स्विंगसाठी. चेंडू येत असताना फळीवर उभं राहायचं नाही.

आणि टी. टीवर तुम्ही सगळेच चूक करता. दांडा प्लेटच्या मधोमध रोवायचा आणि पोटासमोरचा चेंडू मारत सुटायचं. आतला चेंडू पुढच्या पायाच्याही पुढे मारायचा असतो, बाहेरचा थोडा येऊ देऊन. मग टी प्रत्येक वेळी हलवायला नको? दांडा एका जागी ठेवून शंभर फटके मारणारा पोरगा एकच चेंडू मारायला शिकतो, आणि तो चेंडू सामन्यात त्याला कुणी टाकत नाही. शिवाय टीवरचा चेंडू तुमची वाट बघत थांबलेला असतो. पाऊल कुठे टाकायचं ते टी शिकवेल. कधी टाकायचं ते समोरून माणसाने टाकलेला चेंडूच शिकवतो. ताशी ९० मैलांचा फास्टबॉल हातातून सुटल्यापासून साधारण ०.४ सेकंदात प्लेटवर असतो. आपल्याकडचे पिचर तेवढे वेगवान नाहीत, पण चेंडू सुटल्यावर पाय उचलायचा विचार करणाऱ्याला इथेही उशीरच होतो.

क्रिकेटमधून आलेल्यांनी हे जास्त लक्ष देऊन ऐका. पिचरची पट्टी प्लेटच्या मागच्या टोकापासून ६० फूट ६ इंचांवर आहे, आणि क्रिकेटमध्ये एका पॉपिंग क्रीजपासून दुसरी ५८ फुटांवर. अंतर जवळपास सारखं, म्हणून तुम्हाला वाटतं खेळही सारखाच. तिथे चेंडू टप्पा घेतो आणि तुम्ही टप्प्यापर्यंत पाय नेता. इथे टप्पाच नाही. लांब पाऊल टाकून तुम्ही चेंडूकडे धावता, डोकं खाली जातं आणि डोळ्यांसमोरचा चेंडू उडी मारल्यासारखा दिसतो. तुमच्यापैकी कुणी पट्टा मागितला असता, तर टीसमोर बांधायला मी हो म्हटलं असतं. इथे पाऊल वीतभराचं, अंडं फुटणार नाही इतकं अलगद, आणि टाच शेवटी.

तू मघाशी पुटपुटलास ते मी ऐकलं. मोठ्या खेळाडूंचे पायही बाहेर जातात म्हणे. जातात. अल सिमन्सचा जायचा. लोक त्याला 'बकेटफूट अल' म्हणायचे, आणि त्याने १९३० आणि १९३१ अशी लागोपाठ दोन वर्षं अमेरिकन लीगमध्ये सर्वोत्तम सरासरी राखली. दुसऱ्या वर्षी तर .३९०. कारकिर्दीची सरासरी .३३४. मोठ्या खेळाडूंचा विषय तू काढलास, आता पुढचंही ऐक. त्याचा पाय थर्ड बेसकडे जायचा, पण कंबरेच्या वरचं सगळं अंग प्लेटवरून चेंडूवरच जायचं. तो चेंडूपासून पळत नव्हता. त्याचा मॅनेजर कोनी मॅकने त्याची ढब बदलली नाही, कारण त्या ढबीत दोष नव्हता. तुझं डोकंही पायाबरोबर जातं. तुझी हनुवटी थर्ड बेसकडे गेलेली मी बघितली आहे. सिमन्सचा पाय दाखवून माझ्याकडून सुटका मिळणार नाही.

नाव घ्यायचंच असेल तर सादाहारू ओचं घे. १९५९ मध्ये तो टोकियोच्या योमिउरी जायंट्सकडे आला. पहिल्या वर्षीची सरासरी .१६१, आणि पुढची दोन-तीन वर्षंही संघाला अपेक्षा होती तशी गेली नाहीत. त्याची वेळ चुकत होती. १९६२ मध्ये प्रशिक्षक हिरोशी आराकावांनी त्याला पुढचा पाय गुडघ्यातून वर उचलून एका पायावर उभं राहायला लावलं. मोसमाच्या मध्यावर, भर सामन्यात. त्या वर्षी त्याचे ३८ होमरन झाले, लीगमध्ये सर्वाधिक. तिथपासून सलग १३ वर्षं तो मान त्याच्याकडे राहिला, आणि १९८० मध्ये खेळ थांबवला तेव्हा आकडा ८६८ होता. त्याच्या सरावाचं साहित्य काय होतं? छताला टांगलेला कागदाचा तुकडा आणि तलवार. कागद हवेने हलतो. त्याला जोर लावला तर तो बाजूला सरकतो, कापला जात नाही. पाय स्थिर असले, वेळ बरोबर साधली, तरच पातं त्याच्यातून जातं. रात्री सामना संपल्यावर आराकावांच्या घरी जाऊन तो हे करायचा. आराकावांनी आधी त्याचा दोष ओळखला, मग त्या एका दोषासाठी साधन शोधलं. मग दोघे वर्षानुवर्षं त्या साधनापाशी राहिले. तुझी चटई घरी येऊन किती दिवस झाले, आणि ती किती वेळा उलगडलीस, ते तुझं तुला माहीत आहे.

शोहेई ओतानीने २०१८ मध्ये अमेरिकेत पहिला मोसम सुरू होण्याच्या तोंडावर पाय उंच उचलणं सोडलं आणि नुसती बोटं टेकवू लागला, कारण तिथल्या चेंडूंना त्याला उशीर होत होता. त्या वर्षी त्याने २२ होमरन मारले. त्यासाठी त्याला काही विकत आणावं लागलं नाही.

आता तुझं काम. उद्यापासून तू खऱ्या चेंडूसमोर नाहीस. मी स्वतः टेनिस बॉल टाकणार आणि तुझ्या अंगावरच टाकणार. बॅट हातात असेल, पण फटका मारायचा नाही. फक्त वळायचं, खांदा आत, हनुवटी खाली, आणि चेंडू पाठीवर, दंडाच्या मागे, मांडीवर घ्यायचा. लागेल. लागल्यावर किती दुखतं ते तुला कळलं, की त्याहून जास्त दुखण्याची जी कल्पना तू मनात धरून बसला आहेस, ती मोडेल. आतला चेंडू आल्यावर वळायचं कसं हे अंगाला पटलं की पाय आपणहून थांबतो. हे मी माझ्या मुलींच्या संघातही बघितलं आहे, आणि त्या तुझ्याहून वयाने लहान होत्या.

त्यानंतर आत, बाहेर असे मिसळून टाकीन. आत आला तर वळ, प्लेटवर आला तर मार. त्या दिवशी पुढच्या पायाच्या टाचेमागे पिचरच्या दिशेने फक्कीची सरळ रेघ मारायची. वीट ठेवायची नाही, फळी ठेवायची नाही, मागे सरकताना अडखळून पडशील. फक्कीला ठेच लागत नाही, आणि पाय तिच्यावर पडला की ती पुसली जाते. दुसरा पुरावा नको. खरा चेंडू कधी आणायचा ते मी ठरवीन. तू विचारायचं नाही.

बाबांना म्हणावं, यापुढे काही घ्यायचं झालं तर आधी मला फोन करा. गेलेल्या पैशांबद्दल त्यांना बोलणार आहे मी, तुझ्यासमोर नाही. पट्टा स्टोअरमध्ये ठेव. लांब पावलांची तीन पोरं आहेत इथे, त्यांना टीवर लागेल.

उद्या सहाला. हेल्मेट विसरायचं नाही, टेनिस बॉल असला तरी. आणि प्रत्येक चेंडूनंतर बॉक्समध्ये वाकून ठसा बघायला एक जण लागेल, तो कोण हे आत्ताच ठरवा. त्याची बॅटिंग शेवटी होईल, आणि त्यावर मला कुरकुर ऐकायची नाही.